एमजीबीचे दोन कार्बोरेटर जुळत नाहीयेत, चढावर दम जातो

रेडिंगकर:
नमस्कार मंडळी. मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात रेडिंगला असतो. गेल्या हिवाळ्यात १९६९ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली. १७९८ सीसी, हवा-पेट्रोल मिसळणारे दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर. आधीच्या मालकाकडे सात वर्षं शेडमध्ये उभी होती. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर खोलून नवे जेट (पेट्रोल येण्याच्या नळ्या), त्यांतल्या सुया, गॅस्केट टाकले, प्लग आणि पॉइंट (ठिणगीचा स्विच) बदलले. गाडी लगेच सुरू होते, पण आयडलिंगला इंजिन वरखाली होत राहतं. स्ट्रीटलीच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटरमधून ‘फट्’ होतं आणि पिकअप जातो. एका गॅरेजवाल्याने दोन्ही मिक्श्चर नट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे) फिरवून ट्यूनिंगचे पैसे घेतले, फरक काहीच नाही. काल प्लग काढले: १ आणि २ काजळीने काळे, ३ आणि ४ खडूसारखे पांढरे. आता कुठून सुरुवात करू?

जुनं_लोखंड:
प्लगचा रंग लिहिलास ते फार बरं केलंस. १-२ला पुढचा कार्बोरेटर पाजतो, ३-४ला मागचा. म्हणजे पुढचा रिच (पेट्रोल जास्त) चाललाय आणि मागचा लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त). ‘फट्’ आवाज त्या लीनचाच. दोन्ही नट सारखे फिरवून हे जुळणार कसं?

माझा हात नागपुरात वडिलांच्या गॅरेजात अँबॅसॅडरवर बसला. ते १४८९ सीसीचं इंजिन आणि तुझं इंजिन एकाच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातलं. वडील सांगायचे, कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर ०.३८ मिमी, पॉइंटची फटही जवळपास तेवढीच, मग ठिणगीचं टायमिंग. हे झाल्याशिवाय मिक्श्चर नटाकडे बघूही नकोस.

मला मागच्या कार्बोरेटरच्या थ्रॉटल शाफ्टचा (हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्याचा) संशय आहे. जेट बदललेस, शाफ्ट मात्र पन्नासहून अधिक वर्षांचा. शाफ्टचं टोक चिमटीत धरून वरखाली हलव. खडखड लागली, तर तिथून हवा आत शिरतेय. खात्री करायची तर इंजिन आयडलिंगला ठेवून शाफ्टच्या टोकाशी कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मार. आवाज बदलला की चोर सापडला. एमजीबीत एक्झॉस्ट कार्बोरेटरच्या बरोबर खाली असतो, म्हणून थेंबभरच मार आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेव. शाफ्ट ढिला निघाला तर नवा शाफ्ट आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी). यात काटकसर नको.

मग इंजिन पूर्ण गरम करून ट्यूनिंग. एअर फिल्टर काढ, दोन शाफ्ट जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प ढिले कर. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडची फुसफुस एकाच सुरात येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरव. कान दोन-तीन दिवसांत तयार होतो.

मिक्श्चरसाठी दोन्ही जेट वर पुलाला (कार्बोरेटरच्या घशातल्या उंचवट्याला) लागेपर्यंत ने, मग नट १२ पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. नट खाली गेला की रिच, वर गेला की लीन. आता लिफ्ट पिनने एका कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचल. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर रिच. इंजिन लगेच मरायला लागलं तर लीन. किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. एका वेळी एकच पैलू फिरव आणि शेवटी हवेचा मेळ पुन्हा तपास. आणि हो, दोन्ही डॅशपॉट (पिस्टनवरची घुमटासारखी झाकणं) आणि पिस्टन यांची अदलाबदल कधी करू नकोस, जोड्या लागलेल्या असतात.

पेट्रोलवाला_ठाणे:
काकांचं पूर्ण पटलं. एक भर घालतो. तिकडे सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीन होतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. सुपर ग्रेडचं ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) भर आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाल.

रेडिंगकर:
काका, तीन आठवडे लागले. मागचा शाफ्ट इतका हलत होता की बोटांना कळत होतं, आणि फवारा मारताच आरपीएम चढले. दोन्हीकडे नवे शाफ्ट आणि बुश टाकले. गॅरेजवाल्याने पुढचा नट फार खाली नेला होता, तो आता चार पैलू वर आलाय. पिस्टन सोडला की पुलावर ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. कालच्या फेरीनंतर चारही प्लग बिस्किटी रंगाचे निघाले आणि स्ट्रीटलीचा चढ न अडखळता चढलो. वरच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन नुसतं आयडलिंग ऐकत बसलो होतो. एक विचारायचं राहिलं: डॅशपॉटमध्ये तेल किती हवं? मागचं जरा उतरलेलं दिसतंय.

जुनं_लोखंड:
पोकळ पिस्टन रॉडच्या टोकावर साधारण १३ मिमी, २० ग्रेडचं. थोडं उतरतंच, महिन्यातून एकदा बघत जा. कमी झालं की झटक्यात ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी अडखळते. आणि चढ चढलास ते वाचून फार आनंद झाला रे.