व्हीपीएन घेतलं म्हणजे निनावी झालो का?

टोपणवाला:
बरीच वर्षं टोपणनावाने लिहितोय, आमच्याच क्षेत्रातल्या कामगार सुरक्षेबद्दल. आता जिथे तिथे वय सिद्ध करा, ओळखपत्र द्या असे कायदे येतायत. व्हीपीएन (आपली इंटरनेट वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवणारी सेवा) पुरेल, की ती अनेक सर्व्हरमधून फिरवणारं टॉर नेटवर्कच हवं? टॉर वापरलं की उलट नजरेत येतो असंही ऐकलंय.

सरळसोट:
पैसे भरून चांगलं व्हीपीएन घ्या, विषय संपला. 'नोंदी ठेवत नाही' असं लिहिलेलं असतं.

जुना_नेटवर्कवाला:
संपला कसला, सुरू झाला! व्हीपीएन घेतलं की इंटरनेट कंपनीला दिसायचं ते व्हीपीएनवाल्याला दिसायला लागतं, एवढाच फरक. आणि कायदा एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराचं कुलूप, फोडत बसत नाही, तो नोंदी ठेवणाऱ्याच्या दारात जातो. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. प्रोटॉनमेल या स्विस ईमेल सेवेचं २०२१ चं प्रकरण तर याहून बोलकं. मेलमधला मजकूर कुलूपबंदच राहिला, पण स्विस आदेश आल्यावर एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, त्यांना नोंदवून द्यावा लागला.

ओळखपत्राच्या सक्तीचं म्हणाल, तर दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइट्सवर ती करून पाहिली. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. गोळा केलेलं कधीतरी सांडतंच.

टॉरमध्ये तीन टप्पे असतात. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठे चाललात ते. दोन्ही एकाच टप्प्याला कळत नाही. पण तुम्ही टॉर वापरताय हे तुमच्या नेटवर्कवाल्याला दिसतं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बच्या धमकीचे मेल पाठवले. कॅम्पसच्या वायफायवर त्या वेळी टॉर वापरणारे मोजकेच, त्यामुळे पोलीस लगेच पोचले. टॉर फुटलंच नव्हतं. जिथे टॉर बंद आहे किंवा वापरणं दिसू द्यायचं नाही, तिथे ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेले टॉरचे पहिले टप्पे, वापरतात. तोही पक्का बुरखा नव्हे.

टोपणवाला:
फोटोंचं काय? कामाच्या जागेवरचे, स्वतः काढलेले टाकतो कधी कधी.

जुना_नेटवर्कवाला:
एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती, काढून टाका. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोतच बसलेले असतात. २०१२ मध्ये अँटीव्हायरसवाला फरार जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात आहे हे व्हाइस मासिकाने छापलेल्या फोटोतूनच बाहेर आलं. आणि तुम्ही एकटेच उभे राहू शकाल अशा जागेवरून काढलेला फोटो एक्झिफ काढूनही टाकू नका. तेच लिहिण्याचं: बैठकीत फक्त पाच जणांना कळलेली गोष्ट रात्री पोस्ट केलीत, तर आयपी कोण शोधत बसणार?

टोपणवाला:
पटलं. लिहितो मात्र ऑफिसच्याच लॅपटॉपवर, घरी आणून.

जुना_नेटवर्कवाला:
अहो, मग वरचं सगळं बाजूला ठेवा! ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर (कुलूप, किंवा नव्या क्रोममध्ये सेटिंगसारखं) जाऊन साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा तिच्या फायरवॉलचं नाव असेल, तर एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी कुलूपबंद जोडणी, असूनही सगळं वाचलं जाऊ शकतं. नसेल तरी स्क्रीन टिपणारं सॉफ्टवेअर असू शकतं, ते असं दिसत नाही. वेगळा लॅपटॉप घ्या, जुना चालेल. आणि त्यावर ऑफिसच्या मेलमध्ये एकदाही लॉगिन करू नका.