मदत हवी आहे: ट्रफल्सचं आवरण तडकतंय

नमस्कार मंडळी. नाताळसाठी घरी चॉकलेट ट्रफल्स करतेय. आतलं गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मऊ मिश्रण) छान जमतंय: ५५ टक्के कोकोचं डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम १०० ग्रॅम, वर चमचाभर लोणी. गोळेही गुळगुळीत वळले जातात. अडतंय ते वरच्या आवरणापाशी. गोळे वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून काढून ठेवले की तासाभरात केसाएवढी बारीक चीर पडते आणि तिच्यातून गनाशचा थेंब बाहेर येतो.

टेम्परिंग (चॉकलेट चकचकीत, घट्ट जमावं म्हणून ते ठरावीक अंशांपर्यंत तापवणं-उतरवणं) थर्मामीटर लावूनच करते: ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७ पर्यंत उतरवून, परत ३१. चमच्यावरचं चॉकलेट चकचकीत आणि घट्ट होतं, म्हणजे गडबड तिथे नसावी. तळहातावर चॉकलेट घेऊन आधी पातळ थर दिला. चिरा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तूप घातलेलं चॉकलेट) मात्र सुचवू नका, त्यातल्या वनस्पती तुपाचा थर टाळूला चिकटून राहतो, ते घरात कुणालाच आवडत नाही.

बुडवण्याआधी गोळे फ्रिजमध्ये गार करते, माझा संशय त्या फ्रिजवर आहे. गार गोळा कोमट होताना फुगत असणार आणि कवच तडकत असणार. पण वसईत संध्याकाळीसुद्धा खोलीत २५-२६ अंश असतात, एसी नाही, आणि बाहेर ठेवलेले गोळे खाली बसतात.

तर बुडवताना गोळा नेमका किती अंशांवर असावा? आणि तोवर आकार टिकावा म्हणून गनाशमध्ये चॉकलेट वाढवलं, तर आतला मऊपणा जाईल का?