प्रति: एवढ्या मोठ्या जहाजावर चढतात कसे?
वर कुणीतरी विचारलंय की छोट्या होडीतून आलेली समुद्री चाच्यांची चार पोरं एवढं अवाढव्य जहाज ताब्यात घेतातच कशी. अहो, तेलाने भरलेला टँकर पाण्यात खूप खाली बसतो, मग हूकवाली शिडी अडकवली की झालं, आणि वर माणसं किती तर सिरियस स्टार या तेलाच्या टँकरवर जेमतेम २५! ३३० मीटरचं धूड, २००८ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलं, खंडणी चक्क पॅराशूटने टाकली, आणि पैसे घेऊन पळताना त्यातल्या काहींची होडी उलटून ते बुडाले म्हणे (वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू). मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने एमव्ही रुएन या पळवलेल्या जहाजावरचे ३५ चाचे धरून मुंबई पोलिसांकडे दिले तेव्हा मात्र जाम भारी वाटलं. २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता हे बरं.