अनुभव धागा: राज्याची भाषा सक्तीची, घरची भाषा वेगळी

मी बेळगावचा, मराठी शाळेत शिकलेला. 1986 मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभाग पेटला, गोळीबारात माणसं गेली. आमची पिढी ते ऐकतच वाढली. आता 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि मला तो कायदा पटतो. मग बेळगावात नको ते पुण्यात हवं, असं कसं? माझ्यापुरतं उत्तर असं: राज्याची भाषा जरूर शिकवा, पण घरच्या भाषेची शाळा, शिक्षक, पुस्तकं काढून घेऊ नका. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची सोय असावी, असं घटनेचं कलम 350अ सांगतंच. भूमिका सगळ्यांना पाठ आहेत. वर्गात प्रत्यक्ष काय झालं ते लिहा.

खानापूर तालुका (बेळगाव जिल्हा), निवृत्त शिक्षिका
आमच्या मराठी शाळेत कन्नडला आलेले सर हाडाचे शिक्षक. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. पोरांकडून आपली बाराखडी म्हणून घेतली आणि त्याच चालीवर कन्नड कागुणित म्हणायला लावलं. क, का, कि, की, दोन्हीकडे तेच. फळ्यावर डावीकडे आपलं अक्षर, उजवीकडे कन्नड. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. तिथं पोरं अडखळायची, मग सर तेवढंच पुन्हा पुन्हा घ्यायचे. दिवाळीपर्यंत मुलं बसच्या पाट्या वाचायला लागली. मला आनंदच झाला. जमिनीचा उतारा कन्नडात येतो, तो आता पोरगं आजोबांना वाचून दाखवतं.

दुखलं ते पुढे. मी आणि बरोबरच्या बाई निवृत्त झालो, मराठीच्या जागा भरल्याच नाहीत. कन्नडचे सर तेवढे उरले. चौथीचं गणित मराठीतून कोण शिकवणार? पालकांनी एकेक करून मुलं इंग्रजी शाळेत घातली. त्यांना काय बोलणार?

जत (सांगली जिल्हा)
आमचं नेमकं उलटं. घरी कन्नड, गावातली शाळा कन्नड, पुस्तकं बालभारतीची पण कन्नडातली. मराठीचा तास असायचा, आवडायचाही. एक वर्ष मात्र वर्गावर आलेल्या गुरुजींना कन्नडचं अक्षरही येत नव्हतं. परिसर अभ्यास ते मराठीत सांगायचे, आम्ही कन्नडात लिहायचो, आणि पेपर शेजारच्या गावचे गुरुजी तपासायचे. गुरुजी जीव तोडून शिकवत, नेमणूक करणाऱ्यांनी बघायला हवं होतं. बाईंचं वाचताना मला माझाच वर्ग दिसला.

घाटकोपर
मी गुजराती माध्यमातली. 2020 च्या कायद्याआधीही मराठीची सक्ती होती, तिला गुजराती भाषकांच्या शाळाचालकांनी आव्हान दिलं होतं; 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्ती योग्य ठरवली. घरी तेव्हा दोन तट होते. बा, म्हणजे आई, मात्र ठाम: ज्या गावात राहायचं तिथली बोली यायलाच हवी. आज मी नर्स आहे, दिवसभर पेशंटशी मराठीतच बोलते, हे शाळेतल्या मराठीच्या बाईंचं देणं. माझी गुजराती शाळा पुढे बंद पडली. ती मराठीमुळे नाही, आमच्याच लोकांनी मुलं पाठवली नाहीत म्हणून. हेही नोंदवायला हवं.

पुणे, तमिळ कुटुंब
मुलीच्या सीबीएसई शाळेत मराठी आहे, पण नावाला. शिक्षिका टिकत नाहीत. मग ज्यांचा तास रिकामा ते वर्गावर येतात आणि उत्तरं उतरवून घेतात. आमचा विरोध सक्तीला नाही, या उतरवून घेण्याला आहे. मुलगी मराठी बोलायला शिकली ती सोसायटीतल्या खो-खोमध्ये.

बडोदा
गुजरातनेही 2023 मध्ये कायदा करून पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. इथल्या मराठी घरांना गुजराती कधीच अडली नाही. मराठी वाचणारी नातवंडं मात्र शोधावी लागतात.

धागाकर्ता
बाई, त्या जागा कधीपासून रिकाम्या आहेत, पट किती होता, किती उरला, एवढं कळवाल का? कलम 350ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचे आयुक्त आहेत, त्यांच्याकडे अर्ज करता येतो. जतकर, तुमच्या भागात अजून तशा नेमणुका होत असतील तर त्याही लिहा. खानापूरची मराठी शाळा आणि जतची कन्नड शाळा एकाच अर्जात घालू, मसुदा मी करतो.