लायसन्स नाही, मोठा कोर्स नाही, तरी हेअर एक्स्टेन्शन लावायला शिकता येईल का?

खोपा_सांगली

नमस्कार मंडळी, मी साडी ड्रेपिंग आणि नवरीच्या हेअरस्टाइलची कामं घेते, सांगली मिरज आणि आजूबाजूच्या गावांत. खोपा, आंबाडा, मेसी बन सगळं जमतं, पण ब्यूटी पार्लरचा पूर्ण कोर्स कधी केला नाही, कटिंग कलर वगैरे येत नाही. आता होतंय काय की निम्म्या मुलींचे केस पातळ असतात, आणि फोटो दाखवतात ते जाडजूड वेणीचे. साध्या गंगावनावर नि स्टफिंगवर लग्नाचा एक दिवस निघतो, पण हल्ली विचारतात ताई परमनंट लावून द्याल का, म्हणजे चिकट टेपने नाहीतर बारीक रिंग दाबून जोडलेले जास्तीचे केस, दोन तीन महिने राहणारे. नवरा म्हणतो लायसन्सशिवाय असलं काही करू नको, उद्या कुणी तक्रार केली तर काय करशील. यूट्यूबवर बघितलं तर सगळे व्हिडिओ अमेरिकेतले आणि त्यात पण लायसन्स लायसन्स. आपल्याकडे असं काही लागतं का? आणि नुसतं एक्स्टेन्शनच शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू? क्लासवाले दोन दिवसांत सर्टिफिकेट देतो म्हणतात त्यावर विश्वास ठेवायचा का?

कात्री_पुणे

आधी नवऱ्याची भीती घालवूया. आपल्याकडे हेअरड्रेसरला, म्हणजे त्या माणसाला स्वतःला, सरकारी लायसन्स काढावं लागत नाही, महाराष्ट्रात तसा कायदाच नाहीये. जे लागतं ते धंद्याला आणि जागेला. दुकानासाठी २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे, त्यात मोजकीच माणसं कामाला असली की नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती मिळते, लोक तिलाच शॉप ॲक्ट लायसन्स म्हणतात. काही महापालिकांत सलूनच्या जागेला वेगळा परवाना लागतो, तो वॉर्ड ऑफिसात विचारून घे. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. जीएसटी सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की मग बघायचं. पण लायसन्स लागत नाही म्हणजे काही झालं तर जबाबदारी नाही असं नाही हां, गिऱ्हाईक ग्राहक आयोगात जाऊ शकतं, म्हणून कामाआधी केसांचे फोटो काढून ठेवायचे आणि काय लावलं ते लिहून सही घ्यायची.

आता शिकण्याचं. माझं स्पष्ट मत, लावायला शिकण्याआधी काढायला शिक. दोन दिवसांच्या क्लासमध्ये लावणं दाखवतात कारण फोटो त्याचाच छान येतो, काढणं शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात, आणि माझ्याकडे सलूनमध्ये रडत येणाऱ्या बहुतेक मुलींचे केस लावताना नाही तर काढताना गेलेले असतात. टेप असेल तर रिमूव्हर टेपच्या फटीत सोडायचा, काही मिनिटं थांबायचं, आपोआप सुटत आली की सोलायची, ओढायची नाही, नाही सुटली तर परत रिमूव्हर. केराटिन बाँड, म्हणजे गरम मशीनने वितळवून चिकटवलेला, असेल तर रिमूव्हर लावून पक्कडीने बाँड चुरडायचा आणि मग सरकवायचा. रिंग असेल तर जशी दाबली त्याच्या आडव्या दिशेने दाबून परत गोल करायची. आणि काढल्यावर मुळाशी जो गुंता असतो तो कोरड्यावरच बारीक बारीक सेक्शन घेऊन विंचरायचा, *पाणी लावायच्या आधी*. गुंत्यासकट डोकं धुतलं की त्याची जट होते आणि ती कापावीच लागते.

अजून एक, माणसाचे रोज ५० ते १०० केस तसेही गळतात. एक्स्टेन्शनमध्ये अडकलेले गळलेले केस दोन महिने तिथेच राहतात आणि काढताना एकदम हातात येतात, गिऱ्हाईक किंचाळतं. हे लावतानाच सांगून ठेवायचं, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो.

मिरज_जंक्शन

दोन दिवसांत सर्टिफिकेट म्हणजे सर्टिफिकेटच मिळणार, काम कुठे मिळणार 😀 ताई तुमचा खोपा बघितलाय एका लग्नात, भारी असतो.

जर्सीची_सून

ते व्हिडिओ अमेरिकेतले म्हणून लायसन्सचा घोष आहे. इथे प्रत्येक राज्याचं वेगळं. न्यू जर्सीत कॉस्मेटॉलॉजिस्ट व्हायला १२०० तासांचं शिक्षण आणि वर परीक्षा, कॅलिफोर्नियात २०२२ पासून ते १००० तासांवर आणलंय, आधी १६०० होते. पैसे घेऊन कुणाच्या डोक्याला एक्स्टेन्शन लावायचं तर बहुतेक ठिकाणी ते लागतंच, आणि गंमत म्हणजे त्या एवढ्या तासांत एक्स्टेन्शनवर फार थोडा वेळ जातो, बाकी कटिंग, केमिकल, निर्जंतुकीकरण. म्हणून लायसन्सवाल्या मुलीसुद्धा एक्स्टेन्शनचा क्लास वेगळे पैसे भरून करतात. इथल्या देशी बायका घरात बेसमेंटमध्ये गुपचूप करतात ते बेकायदा आहे, आणि एच फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळतो त्यावर, वर्क परमिट नसेल तर पैसे घेऊन काम करणं हा अजून वेगळा लोच्या, व्हिसाच अडचणीत यायचा. इथे कुणी वाचत असेल तर प्लीज करू नका. इंग्लंडमध्ये मात्र सक्ती नाही, तिथे १९६४ चा कायदा आहे पण रजिस्टर ऐच्छिक आहे. खोपा ताई तुम्ही सांगलीत निवांत शिका. फक्त ते निर्जंतुकीकरणाचं इथून उचला, गिऱ्हाईक बदललं की कंगवा आणि क्लिपा धुऊन जंतुनाशकात टाकायच्याच, उवा सगळ्या देशांत असतात.

खोपा_सांगली

थँक्यू सगळ्यांना, बराच जीव हलका झाला. @कात्री_पुणे टेप आणि रिंगमधलं आधी काय शिकू? आणि एक खरं गिऱ्हाईक आहे, लांबच्या नात्यातली वहिनी, तिला बाळ होऊन चार महिने झालेत, केस भयंकर गळतायत, कपाळाजवळ विरळ झालेत म्हणून तिलाच लावून घ्यायचंय, ती म्हणते माझ्यावर प्रॅक्टिस कर पैसे पण देते.

ओपीडीतली

थांबा थांबा, वहिनीला नको!! मी त्वचारोगाच्या ओपीडीत काम करते. बाळंतपणानंतर तीन चार महिन्यांनी केस गळतात हे नेहमीचं आहे, बहुतेक बायकांचे वर्षभरात परत येतात. पण आधीच गळणाऱ्या केसाला वजन बांधलं की जो टिकला असता तो पण जातो, आणि नाव कुणाचं, तुमचं. कपाळाजवळ तर मुळीच नाही, तिथले केस सगळ्यात नाजूक. सतत ताण बसून केस जातात त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, लवकर लक्षात आला तर ताण काढल्यावर केस येतात, वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मूळच मरतं आणि मग औषध घेऊन पण येत नाहीत. लावल्यावर डोकं दुखतंय, भुवई उचलताना ओढल्यासारखं होतंय, मुळाशी बारीक पुटकुळ्या आल्यात, असं कुणी सांगितलं तर सवय होईल म्हणायचं नाही, त्याच दिवशी काढायचं.

केमो चालू असलेली किंवा नुकतीच संपलेली, चाई पडलेली, टाळूवर सोरायसिस किंवा जखमा असलेली, यांना लावायचं नाही, आधी डॉक्टर. टेपच्या गोंदाची ॲलर्जी असते काहींना, रंगवलेल्या केसांतल्या डायची पण असते, म्हणून कानामागे छोटा तुकडा लावून दोन दिवस बघा. आणि रिंगवाल्यांना सांगून ठेवा की एमआरआय करायची वेळ आली तर डोक्यात धातू आहे हे आधी तिथे सांगायचं, हे कुणीच सांगत नाही.

गुंता_ठाणे

+१ वरच्याला. माझ्या बहिणीला इथल्या एका पार्लरमध्ये टेप लावल्या, महिन्याभरात सरकायला लागल्या म्हणून परत गेली तर तिथल्या मुलीने घाईत कोरड्याच ओढून काढल्या, मागे पट्टेच्या पट्टे गेले. भिंतीवर सर्टिफिकेटांची रांग होती बरं का. त्यामुळे मला तरी सर्टिफिकेट आहे का नाही याने काही फरक पडत नाही, मी विचारते की काढून किती जणींच्या दिल्यात.

तासिका

गुंता ताईंचा राग समजतो पण सर्टिफिकेट सगळीच सारखी नसतात हो. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास लागते, सरकारी फी खासगी क्लासच्या मानाने काहीच नाही, आणि सर्टिफिकेट राष्ट्रीय पातळीवर चालतं. त्यात कटिंग, टाळूची रचना, केमिकल सगळं येतं. एक्स्टेन्शन शिकायला वर्ष कशाला असं वाटेल, पण माझ्या मते खोपा ताईंची खरी अडचण लावण्यात येणारच नाही, ब्लेंडिंगमध्ये येईल. गिऱ्हाइकाचे केस खांद्यापर्यंत सरळ कापलेले आणि एक्स्टेन्शन वीस इंची, मग खांद्यावर पायरी दिसते, ती घालवायला कात्री चालवता यायलाच पाहिजे. ज्याला लेयर कापता येत नाहीत त्याने लावलेलं एक्स्टेन्शन लांबून ओळखू येतं.

कात्री_पुणे

तासिका यांचं ब्लेंडिंगचं शंभर टक्के खरं. पण वर्षभर आयटीआय संसार सांभाळून सगळ्यांना जमत नाही. मधला मार्ग सांगतो, एखाद्या एक्स्टेन्शन करणाऱ्या सलूनमध्ये हेल्पर म्हणून लग्नसराई नसताना जा, पगार विचारू नकोस, रिमूव्हलला हात मागून घे, ते काम कुणालाच नको असतं त्यामुळे देतात. तिथेच कटिंग पण बघायला मिळेल, तोपर्यंत ब्लेंडिंगला ओळखीचा कटिंगवाला सोबत घे.

टेप की रिंग, तर टेप आधी. पण त्याच्याही आधी क्लिप इन (क्लिपांनी लावायचे केस) आणि टॉपर (डोक्यावरचा विरळ भाग झाकायचा तुकडा) नीट कर, तुझं लग्नाचं गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त त्यातच भागेल, संध्याकाळी काढून ठेवलं की झालं.

टेपचं थोडक्यात. खऱ्या केसांची डमी घे, प्लास्टिकच्या केसांवर टेपचा अंदाज येत नाही. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी डीप क्लीन शाम्पू, कंडिशनर नाही, पूर्ण कोरडे. कपाळ, कानशील आणि मानेची कड दोन सव्वादोन सेंटीमीटर मोकळी सोडायची, नाहीतर पोनी बांधला की सगळं उघडं. टेल कोंबने सरळ पार्टिंग, टेपच्या रुंदीपेक्षा किंचित कमी रुंदीचा पातळ थर घेऊन खालची एक आणि वरची एक अशा दोन टेपांमध्ये धरायचा, इतका पातळ की खालची टेप आरपार दिसली पाहिजे, जाड घेतला तर वरची आणि खालची टेप एकमेकींना चिकटतच नाहीत आणि आठवड्यात गळतात, फार पातळ घेतला तर वजन पेलत नाही. टाळूपासून अर्धा ते एक सेंटीमीटर सोडून. शेजारच्या सेक्शनचा एक केस जरी टेपमध्ये अडकला तरी तो रात्रभर टोचतो, गिऱ्हाईक झोपू शकत नाही. रांगा विटांच्या बांधकामासारख्या, खालच्या फटीवर वरची टेप. मग ४८ तास पाणी नाही. केस महिन्याला साधारण एक सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी काढून वर सरकवून लावायचं, हा खर्च आधी सांगायचा. मुलींना वाटतं एकदा पैसे दिले की झालं.

रिंग पातळ केसाला नाही. केराटिन तर आत्ता विसर, गरम मशीन आणि नवशिका हात, नको.

आता आपल्याकडची भानगड जी कुठल्याच अमेरिकन व्हिडिओत सापडणार नाही, तेल. टेपचा गोंद तेलाने सुटतो. तुझी नवरी म्हणणार लग्नाच्या दोन दिवस आधी लावा, मधे हळद, करवल्या तेलहळद डोक्यापर्यंत चोपडणार, वर आई रविवारी चंपी करणार, दिवाळीत अभ्यंगस्नान आहेच. म्हणून हळदीच्या निदान आठवडाभर आधी लावायचं, हळदीला डोकं बांधून ठेवायला घरच्यांना सांगायचं, आणि तेल लावायचंच असेल तर फक्त टोकांना. बोअरचं जड पाणी असेल तर एक्स्टेन्शनचे केस महिन्यात झाडूसारखे होतात कारण त्यांना टाळूचं नैसर्गिक तेल मिळत नाही.

खोपा_सांगली

वहिनीला 'नाही' म्हणून सांगितलं, रुसलीय पण असू दे 😅 डमी ऑर्डर करते. आता शेवटचं, केस कुठले घेऊ? ऑनलाइन सगळेच शंभर टक्के रेमी म्हणतात. आणि हे तिरुपतीचे असतात म्हणतात ते खरं का?

कात्री_पुणे

काही असतात. तिरुमलाला मुंडण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, त्यातले लांब चांगले केस बहुतांश परदेशी जातात. मुंडणाचे केस एका दिशेने बांधून ठेवता येतात, मूळ वर टोक खाली, त्याला रेमी म्हणतात, गुंता कमी होतो. दुसरा प्रकार म्हणजे गल्लीत बायका विंचरलेल्या केसांवर भांडी देतात, ते गोळा केलेले गुंतवळ सोडवून बनवलेले, त्यात मूळ टोक सगळं मिसळलेलं. त्यावर ॲसिड मारून सिलिकॉन चढवतात, पाकिटात रेशमी दिसतात, चार पाच धुण्यांत सिलिकॉन गेलं की गुंता चालू. म्हणून घेतल्यावर एक तुकडा आधी तीन चार वेळा धुऊन बघ. दोन केस जाळून पण बघ, खरा केस जळका वास देऊन राख होतो आणि चुरला जातो, प्लास्टिक वितळून गाठ होते. मिक्स माल असतो, म्हणून वेगवेगळ्या जागचे केस घे. आणि दुकानदाराला डबल ड्रॉन आहे का विचार, म्हणजे खालपर्यंत जाडी सारखी, सिंगल ड्रॉन खाली शेपटीसारखं निमुळतं होतं पण स्वस्त मिळतं आणि खरं सांगू तर आपल्या मुलींच्या केसांत तेच जास्त नैसर्गिक दिसतं. रंग टोकांशी जुळवायचा, मुळाशी नाही, आणि काळा मागवताना नैसर्गिक काळा मागव, जेट ब्लॅक उन्हात निळसर मारतो.

रिमूव्हर टेपसोबतच मागव, ज्या कंपनीची टेप त्याच कंपनीचा.