हेतू वेगळा, नोकरी वेगळी

"देवाने माझ्यासाठी नेमकं कोणतं काम ठरवलंय ते कळेपर्यंत थांबणार," असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. इथे हेतू आणि व्यवसाय यांची गल्लत होतेय असं मला वाटतं. ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून मांडणाऱ्या 1647 च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न माणसाच्या मुख्य हेतूबद्दल आहे, पण उत्तरात कामधंद्याचं नावही नाही. देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद मानणं, एवढंच. (आनंदाचा भाग आपण हमखास विसरतो!) सतराव्या शतकात पॅरिसच्या ख्रिस्ती मठात राहणारा साधू ब्रदर लॉरेन्स वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबला, पुढे वहाणा दुरुस्त करत बसला. त्या धबडग्यातही त्याचं देवाशी बोलणं चालूच असे. बायबलमधल्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो ती, देवाने आपल्यासाठी आधीच योजलेली 'सत्कृत्यं' आजही समोर असतातच की. शेजारी कुणी आजारी असेल, तर वेगळ्या पाचारणाची, म्हणजे देवाच्या खास बोलावण्याची, वाट कशाला बघायची?