ताप उलटतो तेव्हा कॅथेटरकडेही बघा

डायलिसिसच्या पेशंटचा ताप बरा होऊन पुन्हा का येतो, यावर इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, 'अँटिबायोटिक हलकं दिलं म्हणून ताप उलटला'. ते मला अर्धंच पटतं. डोस कमी पडतो, कोर्स मधेच सुटतो, हे होतंच. पण डायलिसिसच्या पेशंटच्या रक्तात कोर्स संपल्यावर थोड्याच दिवसांत तोच जंतू पुन्हा सापडला, तर आधी मानेतल्या कॅथेटरवर (डायलिसिससाठी मानेच्या शिरेत घातलेल्या नळीवर) संशय घ्यावा. नळीच्या आत जंतू चिकट थर धरून बसतात. औषधाने रक्तातले मरतात, थरातले तगतात. मशीन सुरू झाल्यावर हुडहुडी भरते ती बरेचदा यामुळेच.

कल्चरचा (रक्तात जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीचा) विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते, मी लॅबमध्येच असते. रक्त एकाच वेळी दोन ठिकाणांहून, सारख्याच मापाने घ्यायचं: एक कॅथेटरमधून, एक हाताच्या शिरेतून (फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला हात सोडून). कॅथेटरची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा किमान २ तास आधी पॉझिटिव्ह झाली (तिच्यात जंतू वाढलेले दिसले), तर संसर्गाचं मूळ नळीतच असण्याची दाट शक्यता. पण वॉर्डातून जोडी येते ती दोन्हींवर फक्त पेशंटचं नाव लिहून, कुठली बाटली कुठून घेतली ते नाहीच! फोन केला तर उत्तर, "दोन्ही त्यांचंच रक्त आहे ना?" मग त्या २ तासांचा उपयोग काय, कपाळ?

आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला तर नळी वाचवायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, काढतातच. कल्चर पुन्हा करायचं आणि टूडी एकोही (हृदयाची सोनोग्राफी) डॉक्टरांना विचारून घ्यायचा, कारण हा जंतू हृदयाच्या झडपांवर ठाण मांडू शकतो आणि तिथून रक्तात येत राहतो.